खिद्रापूर उजेडाच्या वेळेनं पाहावं

मंडळी, खिद्रापूरच्या कोपेश्वराबद्दल बोलताना शिलाहारांच्या वंशावळीपासून सुरुवात करायची पद्धत आहे. ती आज बाजूला ठेवू. कोल्हापूरच्या शिलाहारांनी बाराव्या शतकात हे मंदिर उभं केलं, गंडरादित्याचं नाव त्यात आवर्जून घेतलं जातं, पुढे देवगिरीच्या यादवांनी देवाला गावं इनाम दिली, एवढं आज पुरे. प्रश्न वेगळाच आहे. कोल्हापूरहून साठेक किलोमीटर यायचं, नरसोबाच्या वाडीला दत्ताचं दर्शन घेऊन कुरुंदवाडमार्गे कृष्णाकाठच्या या शांत गावात पोचायचं, गोल झरोक्याखाली फोटो काढायचा, पिंडीला हात जोडायचे आणि वीस मिनिटांत गाडीत बसायचं. असं पाहणाऱ्यांच्या हाती काय लागतं? फार तर फोटो. हे मंदिर उजेडाच्या हिशेबानं पाहिलं तरच ते दिसतं, हे आज नीट उलगडून सांगायचं आहे.

मंदिर पूर्वाभिमुख आहे. पुढे उघडा स्वर्गमंडप, मागे बंद सभामंडप, मग अंतराळ, म्हणजे गाभाऱ्याआधीचं छोटं दालन, आणि गाभारा. म्हणजे पावलागणिक उजेड कमी होत जातो. बाहेरच्या भिंतींचं गणित सोपं आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर दिवसभर ऊन असतं आणि उत्तरेच्या भिंतीवर अजिबात नसतं. सकाळी साडेआठ ते दहा या वेळात दक्षिणेकडे ऊन भिंतीला घासून, तिरकं येतं. दागिन्यातला एकेक मणी, नखांची टोकं, वस्त्राची चुणी त्या वेळी उठून दिसते. दुपारी बाराला त्याच मूर्तीसमोर उभे राहा. वरच्या थराची सावली तिच्या चेहऱ्यावर पडलेली असते आणि उरलेलं अंग सपाट झालेलं असतं. बेसाल्टचा दगड आधीच काळा, त्यावर समोरून ऊन आलं की कोरीव काम पुसल्यासारखं वाटतं. ‘झीज फार झाली आहे हो’ असं म्हणणारे बहुतेक दुपारी आलेले असतात. पश्चिमेची, म्हणजे गाभाऱ्यामागची भिंत तीननंतर पाहावी. उत्तरेकडे ऊन हवंच असेल तर एप्रिल-मेमधली सकाळ. एरवी तिथला सावलीतला सौम्य उजेडही वाईट नसतो.

गजपीठ पाहताना एक व्यावहारिक अडचण येते. मंदिराचा मागचा भाग हत्तींच्या ओळीवर पेललेला आहे, प्रत्येक हत्तीवर देवता स्वार. हत्तींचा प्रचलित आकडा ९२ आहे. पण शिवमंदिरात पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत, सोमसूत्र, म्हणजे गाभाऱ्यातलं पाणी बाहेर नेणारी वाट, ओलांडायचं नसतं. ज्यांना हा नियम पाळायचा आहे त्यांनी दक्षिणेकडून निघून पश्चिमेवरून उत्तरेच्या गोमुखापर्यंत जावं आणि त्याच वाटेनं परतावं. उत्तरेचा उरलेला तुकडा पुढच्या बाजूनं येऊन पाहावा. यात तोटा काहीच नाही. परतताना तेच शिल्प उलट्या बाजूनं दिसतं, आणि जाताना सावलीत गेलेला हात येताना उजेडात असतो. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटल्या आहेत. सोंडेवर न थांबता पायांकडे पाहा: पाय कसे उचललेत, कोणता हत्ती चालतो आहे, कोणता ओझ्याखाली रुतून उभा आहे, हे तिथं कळतं.

आता स्वर्गमंडप. एकूण ४८ खांब. त्यांपैकी बारा आतल्या वर्तुळात, मध्ये साधारण १३ फूट व्यासाची गोल रंगशिला, म्हणजे मंडपाच्या जमिनीतली दगडी शिळा, आणि बरोबर तिच्यावर तेवढाच मोकळा गोल. होमाचा धूर वर जावा म्हणून तो ठेवला, असं सांगतात. घुमट पुरा करायचा राहून गेला, असंही बोललं जातं. रंगशिला नेमकी खाली आहे म्हणून झरोका मुद्दाम ठेवला, हा युक्तिवाद मात्र लंगडा आहे. बंद घुमटाखालीसुद्धा रंगशिला असतेच.

या झरोक्याच्या कडेला आतल्या अंगानं कार्तिकेय आणि अष्टदिक्पाल आहेत. मान वर करून ओळखायचे तर चेहऱ्याच्या नादी लागू नका, वाहन पाहा. हत्ती दिसला की इंद्र, मेंढा की अग्नी, रेडा की यम, नर की निर्ऋती, मकर की वरुण, हरीण की वायू. कोणती दिशा कोणती हे आधी ठरवून उभं राहिलं की दोन मिनिटांत सगळे सापडतात. पूर्वेपासून सुरुवात करा आणि दक्षिणेकडून फिरा.

त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र या झरोक्यावर येतो, म्हणून हल्ली मोठी गर्दी होते. यात चमत्कार नाही, अक्षांश आहे. खिद्रापूर १६.७ अंश उत्तरेला आहे. कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला १६ ते २२ अंशांवर असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे तितकाच उत्तरेला. त्यात चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यामुळे वर्षागणिक थोडं इकडेतिकडे होतं. एकूण काय, मध्यरात्री चंद्र डोक्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ. छताची उंची दहा फूट धरली, तर पाच अंशांच्या फरकानं चांदण्याचा गोल रंगशिलेवरून जेमतेम साडेदहा इंच सरकतो. डोळ्यांना तो बरोबर बसल्यासारखाच वाटतो.

वेळेचा घोळ मात्र दरवर्षी होतो. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर चालतं आणि खिद्रापूर त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथली खरी मध्यरात्र घड्याळात सव्वाबाराच्या आसपास होते. पौर्णिमेचा क्षण त्याआधीच उलटून गेला असेल तर चंद्र माथ्यावर यायला आणखी उशीर, दर तासामागे दोन मिनिटं धरा. त्यामुळे बाराच्या ठोक्याला धक्काबुक्की करण्यात अर्थ नाही. दहा फुटांच्या त्याच हिशेबानं उजेडाचा गोल तासाला अडीच ते पावणेतीन फूट पूर्वेकडे सरकतो. दहा मिनिटं आधी किंवा नंतर पाहिलं तर फरक पाच-सहा इंचांचा, तोही तेरा फुटांच्या गोलात. मागे उभे राहा, गर्दी पांगू द्या.

याच गणितातून आणखी दोन गोष्टी निघतात. माघी पौर्णिमा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आली की चंद्राची स्थिती जवळजवळ तशीच असते आणि झुंबड नसते. फक्त रात्री आत जाता येईल का, हे गावात आधी विचारून ठेवा. दुसरी गोष्ट सूर्याची. सात मेच्या आगेमागे भर दुपारी, घड्याळात साडेबाराला दोन मिनिटं कमी असताना, सूर्य या झरोक्यावर सरळ माथ्यावर असतो आणि उन्हाची थाळी रंगशिलेवर बसते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही हा योग असतो, पण तेव्हा ढग, आणि कृष्णेला पाणी. मे महिन्यात गेलात तर पायात जाड मोजे हवेत. अनवाणी अंगणात पाऊल ठेवलं की फरशी तळपायाला चटका देते आणि माणसं शिल्पं सोडून सावलीकडे पळत सुटतात.

सभामंडपात शिरलात की पाच मिनिटं काहीच करू नका. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना खांबांच्या कडासुद्धा दिसत नाहीत. मोबाईलचा पडदा उघडला की जुळत आलेली नजर पुन्हा बिघडते. नंतर बॅटरी लावा, पण समोरून नको. खांबाच्या अगदी जवळ, पृष्ठभागाला जवळपास टेकवून उजेड आडवा सोडा. चौकोनी, अष्टकोनी, गोल असे बदलत जाणारे थर आणि लेथवर फिरवल्यासारख्या सारख्या अंतराच्या कंगोऱ्यांची धार तेव्हा दिसते. दक्षिण दाराजवळ यादव सिंघणाचा शके ११३६ चा, म्हणजे इ.स. १२१३-१४ चा शिलालेख आहे, देवनागरीत आणि संस्कृतमध्ये. इथले बाकीचे बहुतेक लेख कन्नड आहेत. तो वाचायलाही हीच आडव्या उजेडाची युक्ती. अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ किंवा हळद चोळणारे अजूनही भेटतात. ती पूड खाचेत बसते, ओल धरते आणि पुढच्या माणसाला अक्षराची खरी कड दिसत नाही. तेलाचं बोट लावणं त्याहून वाईट. तेलावर धूळ बसून जो काळा थर होतो तो नुसत्या पाण्यानं निघत नाही, आणि घासून काढायला गेलं तर कोरीव कामच झिजतं.

गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत. एक कोपेश्वर, दुसरा धोपेश्वर, म्हणजे विष्णू. सतीच्या दहनानं कोपलेल्या शंकराची समजूत विष्णूनं घातली, ही कथा गावात कुणीही सांगेल. बाहेर नंदी शोधू नका. सती त्याच्यावर बसून माहेरी गेली, म्हणून तो इथं नाही. नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, अशी श्रद्धा आहे. मला स्वतःला या कथेपेक्षा ती नंदीची रिकामी जागा जास्त उपयोगाची वाटते. समोर काही आड येत नसल्यामुळे सकाळचा उजेड स्वर्गमंडपातून थेट सभामंडपाच्या दारापर्यंत पोचतो. द्वारशाखा, म्हणजे दाराच्या चौकटीचे कोरीव पट्टे, पाहायची वेळ तीच.

हाताशी तासभर असेल तर गावातली जैन बसदी, म्हणजे जैन मंदिरही पाहून घ्या. एक जुनी लढाईही या गावाशी जोडली जाते. चोळ राजा राजाधिराज १०५४ मध्ये चालुक्यांशी लढताना कोप्पमला हत्तीवर मारला गेला. ते कोप्पम म्हणजे खिद्रापूर, असं काही अभ्यासक मानतात. काहींच्या मते ते कर्नाटकात दुसरीकडे.

राहिला ऋतूचा प्रश्न. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोळ तालुक्यातली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली होती, आणि साध्या पुरातही इकडचे रस्ते बंद होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण तो गाळपाचा हंगाम. रात्री त्रिपुरी पाहून निघालात तर कुरुंदवाड-शिरोळ रस्त्यावर उसाच्या जोड-ट्रॉल्या असतात, कित्येकांना मागे दिवा नसतो आणि ऊस दोन्ही बाजूंना फूट-दोन फूट बाहेर आलेला असतो. गाडी चाळीसच्या वर नेऊ नका, आणि ओव्हरटेक करताना पुढे एकच ट्रॉली आहे असं धरून चालू नका. तिच्यामागे दुसरी जोडलेली असते.