वाचनालयात पावलांचा खेळ

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल लागला की आपल्याकडे अकरा वाजताच रस्ते ओस पडतात. चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो, आणि विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. एवढे दिवस आठवी ते बारावीतले पोट्टे-पोट्ट्या करतात काय? मैदान तापलेलं, घरात मोबाइल. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. ती सावलीत व्हायची तर गावात एक हक्काची जागा आहे, सार्वजनिक वाचनालय. तिथल्या जुन्या संगणकावर आणि प्लायवूडच्या एका पाटावर नाचाचा व्हिडिओ गेम कसा उभा करायचा, ते आज बघू. कागद-पेन्सिल जवळ घ्या, मोजमापं सांगणार आहे.

या खेळाचे मुख्य प्रकार दोन. पहिला जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ साली आणला, ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’. पायाखाली चार बाण असतात, डावा, उजवा, पुढचा, मागचा. पडद्यावर खालून वर बाण सरकत येतात. वर चार बाणांचे साचे स्थिर असतात. सरकता बाण साच्यावर बसला की त्याच क्षणी पायाखालचा तो बाण दाबायचा. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २००६ मध्ये हा खेळ सरकारी शाळांच्या व्यायामात घेतला होता. दुसरा प्रकार युबिसॉफ्टचा ‘जस्ट डान्स’, २००९ सालचा. त्यात पडद्यावरची व्यक्ती नाचते आणि आपण आरशात बघितल्यासारखं तिच्या मागे करायचं. गुण मोजले जातात ते हातातल्या रिमोटच्या किंवा मोबाइलच्या हालचालीवरून.

वाचनालयासाठी पहिलाच प्रकार घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला प्रत्येकाच्या हातात मोबाइल लागत नाही, इंटरनेट लागत नाही. आणि ‘मला नाचता येत नाही’ म्हणून भिंतीला टेकून उभा राहणारा पोट्टासुद्धा बाण दाबायला लगेच पुढे येतो. नाच म्हटलं की लाज वाटते. निशाणा म्हटलं की वाटत नाही.

यासाठी ‘स्टेपमॅनिया’ नावाचं फुकट, मुक्त स्रोताचं सॉफ्टवेअर आहे. त्याचीच पुढची आवृत्ती म्हणजे ‘आयटीजीमॅनिया’. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, जुन्या संगणकालाही झेपतं. एकदा दुसरीकडून पेनड्राइव्हवर आणलं की पुढे नेट लागत नाही. सुरूच झालं नाही आणि ‘ओपनजीएल’ची, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या यंत्रणेची, तक्रार दाखवली, तर बहुतेक वेळा संगणकात ग्राफिक्सचा मूळ ड्रायव्हर टाकलेला नसतो. विंडोज नव्याने टाकलेल्या संगणकांत हे नेहमीचं आहे. ड्रायव्हर टाका, खेळ सुरू होईल.

आता पाट, म्हणजे डान्स पॅड. बाजारात घडीचं रेक्झिनचं पॅड मिळतं. सुरुवातीला चालेल, पण त्याची घडी घालू नका, गुंडाळून ठेवा. घडीच्या रेषेवर आतला पातळ थर तुटतो आणि तेवढाच बाण मुका होतो. गुळगुळीत फरशीवर ते घसरतंही, म्हणून प्लायवर चिकटवून घ्या. आणि विकत घेण्याआधी डावा-उजवा दोन्ही बाण एकदम दाबून बघा. काही पॅड जॉयस्टिकसारखी वागतात. त्यांच्या लेखी डावं आणि उजवं एकमेकांना रद्द करतं, आणि खेळातल्या उड्या लागतच नाहीत. असं पॅड घेऊच नका.

घरी केलेलं पॅड जास्त टिकतं. आठ बाय चार फुटांची, १२ मिलिमीटर जाडीची एक प्लाय शीट आणा. तीत दोन पॅड बसतात. आधी तीन बाय तीन फुटांचे दोन तळ कापा. मग दोन बाय चार फुटांचा तुकडा उरतो. त्यातून अकरा इंचांचे आठ चौकोन निघतात, प्रत्येक पॅडला चार बाण. बाजूच्या एक फूट रुंदीच्या पट्टीतून आणखी सहा चौकोन निघतात. मधला एक आणि कोपऱ्यांचे चार असे पाच स्थिर चौकोन एका पॅडला लागतात, म्हणजे दोन पॅडला दहा. कमी पडणारे चार सुताराकडच्या तुकड्यांतून काढून घ्या. पुन्हा सांगतो: तळ तीन बाय तीन फूट, चौकोन अकरा इंच, जाडी १२ मिलिमीटर.

स्थिर चौकोन तळावर थेट स्क्रूने बसवा. बाणाच्या जागी तळावर अॅल्युमिनियमचा एक पत्रा आणि वरच्या चौकोनाच्या पोटाला दुसरा. वर-खालचे पत्रे भेटले की बाण दाबला गेला, एवढंच यंत्र आहे. स्वयंपाकघरातला फॉइल वापरू नका, आठवडाभरात फाटतो. तालुक्याच्या छापखान्यात ऑफसेटच्या वापरलेल्या प्लेटा मिळतात, त्या उत्तम. मात्र त्यांच्या पृष्ठभागावरचा थर वीज वाहू देत नाही. पॉलिश पेपरने चकाकी येईपर्यंत घासा आणि वीज वाहते का ते तपासणाऱ्या मल्टिमीटरची बीप ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. अॅल्युमिनियमला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून वायर वॉशर आणि लहान नट-बोल्टने आवळा.

चौकोनाच्या चारही कोपऱ्यांखाली दारा-खिडक्यांना लावतात तो मऊ फोम टेप लावा, सहा मिलिमीटरचा. खालच्या पत्र्याखाली पुठ्ठ्याचे थर देत दोन पत्र्यांमधली फट दीड ते दोन मिलिमीटरवर आणा. सगळी कसोटी या फटीत आहे. फट कमी झाली तर बाण सतत दाबलेलाच राहतो. जास्त झाली तर मुलं पाय आपटू लागतात, आणि आपटणाऱ्या पायाचं गुडघं पंधरा मिनिटांत बोलायला लागतं. फोम कालांतराने बसतो, त्यामुळे अधूनमधून पुठ्ठ्याचा एखादा थर काढावा लागेल. म्हणूनच वरून रेक्झिन ताणताना तीन बाजूंना खिळे आणि चौथ्या बाजूला स्क्रू ठेवा, उघडायला सोपं जातं. पॅडखाली रबरी चटई हवीच, नाहीतर खालच्या घरातले वर येतील.

संगणकाशी जोडायला ‘आर्डुइनो लिओनार्डो’ हा लहान बोर्ड घ्या. संगणक त्याला कीबोर्ड समजतो. दुकानदार ‘उनो आर-थ्री’ देईल, दिसायला तसाच असतो, पण तो थेट कीबोर्ड होत नाही. खालचे चारही पत्रे एकत्र करून बोर्डाच्या ग्राउंडला जोडा, वरचा प्रत्येक पत्रा वेगळ्या पिनला. प्रोग्राममध्ये त्या पिनांचे पुल-अप, म्हणजे बाण दाबलेला नसताना पिन स्थिर धरून ठेवणारी बोर्डातली सोय, चालू ठेवा आणि एका दाबानंतर दहा मिलिसेकंद दुसरा दाब मोजू नका, नाहीतर एका पावलाचे तीन लागतात. बारावीच्या विज्ञान शाखेतली दोन पोरं हे एका दुपारी करतील.

इथे एक धोक्याची सूचना. पॅडमध्ये फक्त पाच व्होल्ट असतात. पण डेस्कटॉपला अर्थिंग नसेल तर त्याच्या डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, तोच डबा यूएसबीच्या ग्राउंडमधून पॅडच्या पत्र्याला जोडलेला असतो. वर अनवाणी, घामेजलेलं पोर. तेव्हा आधी अर्थिंग तपासून घ्या किंवा बॅटरीवर चालणारा लॅपटॉप वापरा. लाइट गेली तरी गाणं अर्धवट राहत नाही, हा वरचा फायदा. लोखंडी कूलर पॅडपासून लांब, आणि त्याचं पाणी सांडणार नाही अशा बाजूला.

आता ज्या एका गोष्टीमुळे हा खेळ सर्वांत जास्त वेळा फसतो, तिच्याकडे येतो. आवाजाचा उशीर. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका येतो. स्टेपमॅनियात ‘परफेक्ट’ मिळायला पाऊल ठोक्याच्या मागे-पुढे ४५ मिलिसेकंदांत पडावं लागतं. ब्लूटूथ स्पीकर आवाज त्याच्या कितीतरी पट उशिरा देतो. मग मुलं कानाने बरोबर नाचतात आणि पडदा ‘मिस’ म्हणतो. त्यांना वाटतं आपल्याला ताल नाही, आणि दोन दिवसांत ती यायची बंद होतात. स्पीकर वायरचाच लावा. टीव्ही असेल तर सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा, कारण चित्र सुधारण्याच्या नादात टीव्हीही उशीर करतो. उरलेला फरक काढायला ताल पक्का असलेल्या एखाद्याला पॅडवर उभं करा. खेळ चालू असताना एफ-सिक्स कळ दाबत जा, ‘मशीन ऑटोसिंक’ येईपर्यंत. मग त्याने पडदा न बघता फक्त कानाने पावलं टाकायची. यंत्र सरासरी काढून स्वतःला जुळवून घेतं आणि शेवटी बदल ठेवायचे का विचारतं. ‘हो’ म्हणा.

आणखी दोन सेटिंग. ‘फेल’ बंद करा, म्हणजे चुका झाल्या तरी गाणं मध्येच थांबत नाही. आणि ‘इव्हेंट मोड’ चालू करा, म्हणजे ठराविक गाण्यांनंतर खेळ संपत नाही. नवख्याला बाण दाटीने दिसत असतील तर वेग कमी करू नका, उलट दीडपट करा. गाणं तेवढ्याच गतीने चालतं, बाणांमधलं अंतर मात्र वाढतं आणि वाचायला सोपं जातं.

पाय कसे टाकायचे? सुरुवातीला १०० ते १३० ठोक्यांची गाणी, सगळ्यात सोपी पातळी. नवीन मुलं प्रत्येक पावलानंतर मधल्या चौकोनात परत येतात. संथ गाण्यात निभतं, पण बाण वाढले की दर बाणाला दोन पावलं पडायला लागतात आणि धाप लागते. पाय बाणावरच राहू द्यायचा, पुढच्या बाणाला दुसरा पाय. डावा, उजवा, डावा, उजवा. वजन चवड्यावर, गुडघे किंचित वाकलेले. ज्यांनी शाळेत लेझीम खेळली आहे त्यांना सोळा मोजण्यांचा हिशोब अंगात असतो, ती पोरं दुसऱ्याच दिवशी पुढे जातात. मोजे घालून खेळू नये, घसरतं.

गर्दीचं गणित सांगतो. पावणेदोन मिनिटांचं गाणं आणि सव्वा मिनिट बदलायला, म्हणजे तासात वीस गाणी. दोन पॅडवर चाळीस पाळ्या. वीस मुलं असतील तर प्रत्येकाला तासात दोनदाच संधी. म्हणून पॅडच्या मागे फरशीवर खडूने तेच नऊ चौकोन काढा, सहा-सात जोड्या. पाळी नसलेले तिथे पडदा बघून नाचतील. गुण मिळत नाहीत, घाम तेवढाच येतो.

वेळ ठरवताना अभ्यासिकेचा विचार आधी करा. आज गावोगावच्या वाचनालयात पोलीस भरतीची आणि एमपीएससीची तयारी करणारी मुलं दिवसभर बसतात. त्यांच्या डोक्यावर धडधड केली तर खेळ समितीच्या पहिल्याच बैठकीत बंद होईल, आणि योग्यच होईल. सकाळी सात ते नऊ किंवा संध्याकाळी सहानंतर, त्यांच्याशी बोलून ठरवा.

मुलींचा तास वेगळा ठेवा. त्या तासाला खिडकीला पडदा, एखादी ताई किंवा काकू हजर, आणि सगळ्यांचे मोबाइल ग्रंथपालाच्या टेबलावर. एक व्हिडिओ गावच्या ग्रुपवर गेला की दुसऱ्या दिवशी एकही पोट्टी येणार नाही. चार दिवसांनी मुलींनीच एकत्र खेळायचं म्हटलं तर तेव्हा बघा. ओढणी काढून ठेवायची किंवा कमरेला घट्ट बांधायची, पायात अडकते.

तब्येतीचं. दर दोन गाण्यांनंतर पाणी. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं यांपैकी काहीही झालं की त्या दिवसापुरतं बंद. मिरगीचा त्रास असणाऱ्यांसाठी चमकणारी पार्श्वभूमी घातक ठरू शकते. सेटिंगमध्ये तिचा उजेड शून्य करता येतो, तो सगळ्यांसाठीच शून्य ठेवा. आणि आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं प्रमाण मोठं आहे. अशा मुलांना दमछाक, उष्णता आणि अंगातलं पाणी कमी होणं यांतून तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. त्यांना सगळ्यांसमोर विचारू नका. पालकांशी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून ठेवा. डॉक्टरांनी परवानगी दिली तर संथ गाणी, मोठी विश्रांती.

शेवटी गाण्यांचं. स्टेपमॅनियात स्वतःचं गाणं टाकून त्यावर बाण बसवता येतात. हक्कांचा प्रश्न नको असेल तर गावातलंच रेकॉर्ड करा, गायक-वादकांची परवानगी घेऊन. भुलाबाईची गाणी, झाडीपट्टीतली दंडार, गडचिरोलीकडचं रेला, खंजिरीवरचं भजन, सगळं चालतं. ‘सॉंग्ज’ फोल्डरमध्ये आधी गटाचा फोल्डर आणि त्याच्या आत गाण्याचा फोल्डर, असं ठेवा. मधला गटाचा फोल्डर विसरलात तर गाणं यादीत दिसतच नाही. मुलांना लावायचं काम म्हणजे साठाला ठोक्यांच्या गतीने भागून एका ठोक्याला किती सेकंद ते काढणं, आणि पहिला ठोका नेमका कुठे पडतो ते शोधणं.

अडचण एकच येते. आपला ढोलकीवाला रंगात आला की लय वाढवत नेतो. मैफलीत ती बहार असते, पण इथे ११० वर सुरू झालेलं गाणं १२५ वर संपतं आणि अर्ध्यानंतर सगळे बाण चुकीच्या जागी येतात. दर काही मात्रांनी गती बदलून नोंदवता येते, पण ते फार किचकट. त्यापेक्षा रेकॉर्डिंगच्या वेळी वादकाच्या एका कानात मोबाइलवरच्या मेट्रोनोमची टिकटिक द्या, दोन मिनिटांच्या वर वाजवू देऊ नका, आणि पहिल्या ठोक्याआधी दोन-तीन सेकंद मोकळे सोडा, म्हणजे पॅडवरच्या पोराला पाय जागेवर आणायला वेळ मिळतो.

नमस्कार.