नसलेल्या देशाचा नकाशाही चुकतो
(एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. काल्पनिक देशांचे नकाशे काढणाऱ्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो: जो देश कुठेच नाही, त्याचा नकाशा बरोबर की चूक हे ठरवणार कोण? विचारणाऱ्याचा सूर बहुधा थट्टेचा असतो, पण प्रश्न चांगला आहे. माझं उत्तर असं, की नसलेल्या देशाचा नकाशाही चुकू शकतो, आणि चुकू शकतो म्हणूनच हा छंद चारचौघांत करण्यासारखा आहे. मी निसर्गचित्र दाखवलं तर तुम्ही आवडलं म्हणाल किंवा गप्प बसाल. नकाशा दाखवला की मात्र तुम्ही एका जागी बोट ठेवून विचारू शकता, 'ही नदी डोंगर चढून पलीकडे कशी गेली?' तुमची माझी ओळख असण्याची गरज नाही. जगाच्या दोन टोकांना बसलेली माणसं रात्री-अपरात्री एका न घडलेल्या खाडीवरून वाद घालतात ते यामुळेच.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. 1881 च्या उन्हाळ्यात, सावत्र मुलाबरोबर रंगांशी खेळताना त्याने एका बेटाचा नकाशा काढला आणि त्या नकाशातून 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी सुचली. पुस्तक छापायला गेलं तेव्हा मूळ नकाशाच गहाळ झाला. आता बेट त्याचंच, गोष्टही त्याचीच. मनाला येईल तसा दुसरा काढायला काय हरकत होती? पण तसं करता येईना. पूर्ण पुस्तक चाळून जागेचा, दिशेचा, अंतराचा एकूण एक उल्लेख टिपावा लागला आणि मग कर्कटक घेऊन त्या उल्लेखांना जुळेल असं बेट नव्याने आखावं लागलं. नकाशा छापला गेला, पण ते आपलं मूळ बेट त्याला कधीच वाटलं नाही. लिहिणाऱ्यालाही स्वतःच्या बेटावर मनमानी करता येत नाही, हे मला यात महत्त्वाचं वाटतं.

आता नद्यांकडे येतो. या छंदातल्या लोकांमध्ये 'नदीपोलीस' असा एक शब्द थट्टेने वापरतात. नवा नकाशा मांडला की पहिल्या तासाभरात कुणीतरी येऊन नदीवर शिट्टी वाजवतंच. नियम तसे थोडे आहेत. पाणी उताराकडे जातं. नद्या एकमेकींना मिळतात, फुटत नाहीत. सरोवरात हव्या तितक्या नद्या येऊ देत, बाहेर पडणारी वाट बहुधा एकच. हा शेवटचा नियम नवशिक्यांना जाचक वाटतो, म्हणून त्याचं कारण सांगतो. खोलगट जागेत पाणी साठत जातं आणि काठावर जिथे सगळ्यात कमी उंची असेल तिथून सांडतं. सांडताना ते तीच जागा आणखी झिजवतं, वाट खोल होते, सरोवराची पातळी उतरते आणि काठावरची बाकीची सगळी ठिकाणं कोरडी राहतात. दोन वाटा सुरू राहायच्या तर दोन्ही ठिकाणची उंची सारखी हवी आणि झीजही सारख्या वेगाने व्हायला हवी. निसर्गात असा योग फार काळ टिकत नाही. आणि एक नदी खंडाच्या एका समुद्रातून निघून दुसऱ्या समुद्रात गेलेली दिसली, तर ती नदी नव्हे, सामुद्रधुनी आहे. मग तिथे पाणी खारं हवं, आणि तिच्या काठची शेती पुन्हा विचारात घ्या.

नदीपोलिसांनाही कधीतरी गप्प बसावं लागतं. दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीचं काही पाणी कासिक्विआरे नावाच्या प्रवाहातून वेगळं होतं आणि रिओ नेग्रोला, म्हणजे पर्यायाने अॅमेझॉनला जाऊन मिळतं. 1800 साली हुम्बोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ त्या प्रवाहातून स्वतः होडीने गेला होता. उत्तर अमेरिकेत वायोमिंगच्या डोंगरांत एक ओढा असा फुटतो, की त्याचं निम्मं पाणी अटलांटिकच्या वाटेला लागतं आणि निम्मं पॅसिफिकच्या. त्रिभुज प्रदेशात तर नद्या फुटतातच. तिथे उतार जवळपास संपलेला असतो आणि नदी स्वतःच्याच गाळात वाट शोधत असते. तेव्हा फुटलेली नदी काढायला माझी ना नाही. तुमच्या जगातल्या लोकांना मात्र त्या जागेचं अप्रूप हवं. तिथे देऊळ असेल, जकातनाका असेल, दोन राज्यांचं जुनं भांडण असेल. फुटलेल्या नदीपाशी काहीच घडत नसेल, तर ती नजरचुकीने फुटली आहे हे बघणाऱ्याला लगेच कळतं.

नदीच्या तर्कावर आंधळा विश्वास ठेवला की काय होतं, त्याची एक खरी गोष्ट आहे. जेम्स रेनेल हा त्याच्या काळातला मोठा नकाशाकार; बंगालची मोजणी करणारा रेनेल तो हाच. आफ्रिकेतली नायजर नदी पूर्वेकडे वाहत जाऊन खंडाच्या आतच संपते असं त्याचं मत होतं. मग ती दक्षिणेला समुद्राकडे का वळत नाही? मध्ये डोंगर असणार! प्रवाशांनी सांगितलेल्या तुरळक डोंगरांना जोडत 1798 मध्ये त्याने पश्चिम आफ्रिकेत 'कॉंग पर्वत' अशी सलग रांग काढली. पुढच्या नकाशाकारांनी ती उतरवून घेतली, काहींनी लांबवलीसुद्धा. नायजर गिनीच्या आखातालाच मिळते हे 1830 मध्ये लँडर बंधूंनी नदीतून प्रवास करून दाखवलं, म्हणजे पर्वताची गरजच संपली. तरी पर्वत काही हलला नाही. 1880 च्या दशकाच्या शेवटी बिंजे हा फ्रेंच अधिकारी त्या मुलखातून फिरून आला आणि अशी रांग तिथे नाहीच असं त्याने सांगितलं, तेव्हा कुठे ती नकाशांवरून पुसली जाऊ लागली. नदी खरी, तर्क नीट, आणि पर्वत काल्पनिक! आपल्या छंदाचा मूळपुरुष म्हणून मला रेनेलच जवळचा वाटतो, जरी त्याला ते आवडलं नसतं.

पाऊस आणि वारा याबद्दल थोडक्यात बोलतो. डोंगराच्या ज्या बाजूला वारा आदळतो ती हिरवी, पलीकडची पर्जन्यछायेत कोरडी, एवढं शाळेत शिकलेलं असतं. वारा कुठून येतो हे आधी ठरवायचं मात्र लोक विसरतात. अँडीजची रांग बघा. तिच्या दक्षिण भागात वारे पश्चिमेकडून येतात, म्हणून पूर्वेचं पॅटागोनिया कोरडं. उत्तरेला वारे पूर्वेकडून येतात, म्हणून तिथे पूर्वेला अॅमेझॉनचं जंगल आणि पश्चिमेला अटाकामाचं वाळवंट. किनाऱ्यालगतचा थंड सागरी प्रवाह त्या कोरडेपणात भर घालतो. एकाच पर्वताच्या दोन भागांत वाळवंटाने बाजू बदलली आहे. तुमच्या खंडावर विषुववृत्त कुठून जातं हे पेन्सिलीने फिकं आखून ठेवा, म्हणजे वाळवंट कुठे टाकायचं हा प्रश्न निम्मा सुटतो.

प्रमाणाचं काय? इथे मात्र माझा संयम सुटतो. सुरेख शाईकाम, रेखीव जंगलं, कोपऱ्यात दिशादर्शक फूल, आणि प्रमाणपट्टीच नाही. पायी चालणारा माणूस दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर जातो. राजधानीपासून सीमा सहाशे किलोमीटर असेल तर निरोप घेऊन जाणाऱ्याला तीन आठवडे लागणार आणि उत्तर यायला आणखी तीन. असा राजा रोजच्या रोज हुकूम सोडू शकत नाही. सीमेवरचा सुभेदार आपोआप बलवान होतो. म्हणजे राज्यकारभार कसा चालतो ते कोपऱ्यातली एक पट्टी ठरवते. किनाऱ्याचंही तेच. सागरकिनारा जितका जवळून मोजाल तितका लांब भरतो, हे मांडेलब्रोट या गणितज्ञाने 1967 च्या त्याच्या प्रसिद्ध निबंधात ब्रिटनच्या किनाऱ्यावरून मांडलं. आपल्याला त्यातून एवढंच घ्यायचं, की खंडाच्या नकाशातला तुकडा मोठा करून प्रांताचा नकाशा काढताना जुनीच रेघ फुगवू नका. मोठ्या नकाशात नवीन खाचा, नवी बेटं, नव्या खाड्या दिसायला हव्यात.

कुणी म्हणेल, माझ्या जगात नद्या वर चढतात, मग काय कराल? जरूर चढू देत. विष्णुपुराणातली पृथ्वी आठवा. मध्ये जंबुद्वीप, त्याभोवती खारा समुद्र. मग प्लक्षद्वीप आणि उसाच्या रसाचा समुद्र. मग शाल्मल आणि मद्याचा, कुश आणि तुपाचा, क्रौंच आणि दह्याचा, शाक आणि दुधाचा, शेवटी पुष्कर आणि गोड्या पाण्याचा. प्रत्येक द्वीप आधीच्याच्या दुप्पट. इथे उतार, पाऊस, झीज यातलं काही चालत नाही, पण नियम आहे आणि तो कडक आहे. हा नकाशा काढताना कुणी क्रौंचद्वीपाला तुपाच्या समुद्राने वेढलं, तर जाणकार तिथल्या तिथे अडवेल. भूगोल तुमचा, कायदाही तुमचा. पण तो एका कोपऱ्यात लिहून ठेवा, म्हणजे नदीपोलिसांना कोणतं कलम लावायचं ते कळेल.

या छंदातल्या मंडळींच्या रीतीही सांगून ठेवतो. पूर्ण झालेला नकाशा एकदम आणून ठेवण्यापेक्षा अर्धवट असतानाच दाखवतात. आधी नुसता किनारा, मग डोंगर, मग नद्या. रंग भरून झाल्यावर कुणी पर्वत हलवायला सांगितला तर जिवावर येतं, म्हणून. दाखवताना कशावर मत हवं तेही सांगावं. 'कसा वाटतो?' असं विचारलं की 'छान!' एवढंच मिळतं. 'या दोन बंदरांपैकी मोठं कोणतं व्हायला हवं?' असं विचारा, लोक खुर्ची सरसावून बसतात. काही जण जुन्या छापील नकाशांतली झाडं, टेकड्या, गावांच्या खुणा एकेक करून वेगळ्या काढतात आणि सगळ्यांना वापरायला देतात. फार मेहनतीचं, निरिच्छ काम आहे ते. अशा खुणा घेतल्या तर परवान्याच्या अटी वाचा आणि देणाऱ्याचं नाव नकाशाखाली लिहा. मला न पटणारी गोष्ट एकच: पहिलाच नकाशा घेऊन आलेल्याला पाच जणांनी तीच नदी दाखवणं. एकाने सांगितलं की पुरे.

साधनांवर वेळ घालवत नाही. कागद-पेन्सिल चालते, गिंप, क्रिटा, इंकस्केप हे चित्रं काढायचे प्रोग्रॅम फुकट मिळतात, खास नकाशांसाठी इंकार्नेट, वंडरड्राफ्टसारखे प्रोग्रॅम आहेत, एका कळीवर अख्खं जग, त्यातल्या नद्या आणि राज्यांसकट, तयार करणारी अझगारची प्रणालीही आहे. तिच्या नद्या सहसा चुकत नाहीत. तुम्हाला काय हवंय हे मात्र तिला ठाऊक नसतं.

आता आपल्याच लिपीचा प्रश्न. यावर मला जरा रेंगाळायचं आहे, कारण इंग्रजीत शिकवणाऱ्या धड्यांमध्ये तो येत नाही. नकाशावर नावं कशी मांडावी याचे नियम एडुआर्ड इमहोफ या स्विस नकाशाकाराने 1962 मध्ये नीट लिहून ठेवले: नदीचं नाव नदीच्या वळणाने जावं, प्रदेशाचं नाव त्या प्रदेशभर पसरावं. रोमन लिपीत हे सोपं आहे. अक्षरं सुटी असतात, ती ताणली की झालं. देशाला मोठ्या लिपीतली (कॅपिटल) अक्षरं, पाण्याला तिरपी, अशी प्रथाही आहे. देवनागरीत मोठी लिपी नाही, तिरप्या अक्षराची स्वतःची परंपरा नाही, आणि अक्षरं ताणली की शिरोरेषा तुटून नावाचे तुकडे पडतात. काही प्रोग्रॅममध्ये वळणावर बसवलेल्या नावातली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. नावाभोवती उठावासाठी पांढरी कड दिली तर अक्षराअक्षराच्या सांध्यावर ती कड आत दिसू लागते.

यावर उपाय आहेत. प्रतवारी आकाराने, जाडीने आणि रंगाने करावी. पाण्याची नावं निळी ठेवली की तिरप्या अक्षरांची गरज उरत नाही. कड देण्याआधी अक्षरांचं आकृतीत रूपांतर करून ती एकसंध जोडावीत. आणि प्रदेशाच्या नावासाठी मोडीकडे बघावं. मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचा. तेच करा: प्रदेशाच्या आकाराप्रमाणे एक लांब, हलकी वळलेली शिरोरेषा आधी काढा आणि तिला अक्षरं हव्या त्या अंतराने लटकवा. रेषा अखंड राहते, नाव प्रदेशभर पसरतं, आणि रोमन लिपीत न साधणारा एक डौल येतो. जोडाक्षर मात्र फोडू नका. ते एकच अक्षर मानून हलवा.

तुमच्या हातातल्या कागदांवर किनारा छापलेला आहे. त्यात डोंगर तुम्ही टाका, वारा कोणत्या दिशेचा ते बाणाने दाखवा, नद्या सगळ्यात शेवटी. प्रमाणपट्टी विसरू नका. दहा मिनिटांनी कागद शेजाऱ्याकडे द्यायचा आहे, आणि शेजाऱ्याने एकच शंका काढायची आहे, नदीवरची नसली तर उत्तम.