स्कॅनर बंद करावा की करू नये?

मित्रहो, जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या पडद्यावर पहिल्या काही दिवसांतच एक पिवळी रेघ उमटते. कळफलकावरून दोन संख्या वाचल्या, बेरीज बरोबर आली, तरीही स्कॅनर, म्हणजे इनपुट वाचून देणारी जावाची वस्तू, बंद केलेला नाही, हा ‘रिसोर्स लीक’ (घेतलेले साधन परत न करणे) आहे, असे एक्लिप्स हे प्रोग्रॅम लिहिण्याचे सॉफ्टवेअर बजावते. विद्यार्थी शेवटी ‘क्लोज’ची एक ओळ लिहितो, रेघ नाहीशी होते आणि प्रश्न सुटला असे त्याला वाटते. पुढे तो नाव वाचणारी एक मेथड (प्रोग्रॅममधला एका कामाचा स्वतंत्र तुकडा) आणि गुण वाचणारी दुसरी मेथड लिहितो, दोन्हींत स्वतंत्र स्कॅनर उघडून शिस्तीने बंदही करतो, आणि दुसऱ्या मेथडमध्ये प्रोग्रॅम ‘नो सच एलिमेंट एक्सेप्शन’, म्हणजे वाचायला काही उरले नाही अशी चूक, देऊन कोसळतो. ज्याने नियम पाळला त्यालाच हा फटका बसतो, म्हणून या विषयावर सविस्तर बोलणे मला आवश्यक वाटते.

प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या हाती माहिती ये-जा करण्याचे तीन प्रवाह आधीच उघडून देते: शून्य क्रमांकाचा इनपुटचा, एक क्रमांकाचा आउटपुटचा आणि दोन क्रमांकाचा चुकांच्या संदेशांचा. ‘सिस्टिम डॉट इन’ हा त्यांपैकी पहिला. २००४ मध्ये जावा ५ बरोबर आलेला स्कॅनर हे त्या प्रवाहावर घातलेले केवळ आवरण आहे. परंतु ते बंद करताच आतला प्रवाहही बंद होतो आणि तो पुन्हा उघडण्याची सोय त्या प्रोग्रॅमला उरत नाही. नवा स्कॅनर मात्र विनातक्रार तयार होतो, कारण तयार होताना तो काहीच वाचत नाही. चूक वाचनाच्या ओळीवर दिसते, तिचे मूळ मात्र आधीच्या मेथडमध्ये असते, आणि विद्यार्थी नेमका चुकीच्या जागी शोध घेत बसतो.

मग दोन स्कॅनर ठेवावेत आणि एकही बंद करू नये, असा उपाय सुचवला जातो. तो मला अधिक धोक्याचा वाटतो. माझ्या एका विद्यार्थ्याचा असाच प्रोग्रॅम कळफलकावर दिवसभर बिनचूक चालला. परीक्षेच्या वेळी तेच इनपुट फाइलमधून दिले, तेव्हा पहिले नाव वाचून तो थांबला. स्कॅनर एकेक शब्द मागवत नाही; जेवढे हाती लागेल तेवढे, सुरुवातीला १०२४ अक्षरांपर्यंत, तो आपल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ओढून घेतो. कळफलकावर एंटर दाबेपर्यंत पुढची ओळ मिळतच नाही, त्यामुळे हा दोष झाकलेला राहतो. फाइलमध्ये जेमतेम पाच ओळी होत्या. त्या सगळ्या पहिल्या स्कॅनरच्या बफरमध्ये गेल्या आणि दुसऱ्याच्या वाट्याला काहीही उरले नाही.

फाइल आपण उघडतो तेव्हा न्याय निराळा. तो प्रवाह आपण मागून घेतलेला असतो, त्यामुळे तो परत करण्याची जबाबदारीही आपलीच असते. अनेक लिनक्स यंत्रणांवर एका प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) एका वेळी उघडता येणाऱ्या फाइलींची नेहमीची मर्यादा १०२४ असते; फेऱ्यांमागून फेऱ्यांत फाइली उघडत गेलो आणि बंद केल्या नाहीत, तर एका क्षणी नवी फाइल उघडायला नकार मिळतो. न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर आहे ना, असे विद्यार्थी विचारतात. तो मेमरीची टंचाई पाहून धावतो, फाइलींची नाही, आणि केव्हा धावेल याची हमी कोणीही देत नाही. त्यासाठीच २०११ मध्ये जावा ७ ने ‘ट्राय विथ रिसोर्सेस’ ही रचना दिली: ‘ट्राय’च्या कंसात उघडलेली वस्तू, मध्येच एक्सेप्शन आले तरी, खंड संपताच बंद होते, आणि अनेक वस्तू असतील तर शेवटी उघडलेली आधी बंद होते. विद्यार्थ्यांनी फाइल वाचायला शिकावे ते याच रचनेतून, असे माझे ठाम मत आहे.

कळफलकासाठी मात्र ‘मेन’ या प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या मेथडमध्ये एकच स्कॅनर तयार करावा, ज्या मेथडला वाचायचे आहे तिला तो पॅरामीटर म्हणून द्यावा आणि त्या मेथडने तो बंद करू नये. पिवळी रेघ राहिली तर राहू द्यावी, किंवा कारण टिपणीत लिहून ती दाबावी. या मांडणीचा आणखी एक लाभ आहे: त्याच मेथडला चाचणीच्या वेळी एखाद्या स्ट्रिंगवर (मजकुरावर) उघडलेला स्कॅनर देता येतो, आणि तो आपणच उघडलेला असल्यामुळे निर्धास्तपणे बंदही करता येतो.