खाडीतले रोहित आणि तिथीची पाऊणपट

(दृश्य: ऐरोलीजवळची ठाणे खाडी. सकाळची ओहोटी. चिखलावर रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा थवा.)

या फोटोतले रोहित मोजून बघा. पहिले वीस-पंचवीस सहज जमतात. पुढे एकाच्या पंखाआड दुसऱ्याची मान, तिसऱ्याचे तर नुसतेच पाय. मग पुन्हा एकपासून सुरुवात.

ही खाडी २०१५ साली रोहित अभयारण्य झाली, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. यंदा पक्षी किती आले, हा प्रश्न मात्र दर हंगामात नव्याने उभा राहतो. म्हणून मोजणी कम्प्युटरला सांगून पाहू.

(दृश्य: तोच फोटो मोठा होत जातो. शेवटी नुसते रंगीत चौकोन.)

कम्प्युटरला यात पक्षी दिसतच नाही. त्याला दिसतात चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाचे तीन आकडे: लाल, हिरवा, निळा. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. १९५७ साली अमेरिकेत रसेल किर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन केला, तेव्हा चौकोन होते १७६ बाय १७६. आता खिशातला मोबाइल असे कोट्यवधी चौकोन भरतो. हिशेब तोच.

मग सोपी युक्ती सुचते. गुलाबी तो रोहित! ज्या चौकोनात लाल आकडा बाकी दोघांपेक्षा चांगलाच मोठा, तो ठेवायचा; उरलेलं पुसायचं.

(दृश्य: काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके.)

छान दिसतंय. पण चुकलंय. रोहितची पिल्लं गुलाबी नसतात, राखाडी असतात. खाण्यातलं रंगद्रव्य अंगावर उतरायला काही वर्षं जातात. राखाडी रंगात तिन्ही आकडे जवळपास सारखे, आणि खाडीच्या चिखलातही तेच. म्हणजे पिल्लं सगळी चिखलात जमा. उलट पाण्यात पडलेलं प्रतिबिंब गुलाबी, ते पक्षी म्हणून मोजलं गेलं. खरी गंमत पुढे आहे: पिल्लं जेवढी गळली तेवढीच प्रतिबिंबं वाढली, तर बेरीज बरोबर येते आणि कुणाला शंकाही येत नाही.

एकमेकांना खेटून उभे असलेले पक्षी वेगळे करायची युक्ती मात्र मला फार आवडते. तिचं नावच पाणलोट. ठिपक्याचा मधला भाग म्हणजे खोल दरी आणि कड म्हणजे उंच डोंगर, असं मानायचं. मग दऱ्यांत खालून पाणी भरत जायचं. दोन दऱ्यांचं पाणी जिथे भेटायला येईल, तिथे बांध घालायचा. बांधाच्या अलीकडे एक पक्षी, पलीकडे दुसरा. सूक्ष्मदर्शकाखाली चिकटलेल्या पेशीही अशाच मोजतात.

(दृश्य: उपग्रहातून दिसणारी खाडी. दोन्ही काठांना खारफुटीची गडद पट्टी.)

आता वर जाऊ. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रात एक चौकोन म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर बाय दहा मीटर. रोहित त्यात हरवतो, पण खारफुटीतल्या तिवरांची झाडी नीट दिसते. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परतवतं. दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज, की हिरवाईचा निर्देशांक मिळतो. या महिन्याचं चित्र मागच्या चित्राशी ताडून पाहायचं. आकडा पडला, तर झाडी तुटली.

तुटलीच असेल असं नाही. पाणी अवरक्त प्रकाश गिळून टाकतं. भरतीत कोवळी रोपं बुडाली, तरी आकडा पडतोच.

उपग्रह आपल्यावरून जातो सकाळी अकराच्या सुमारास. त्या वेळी पाणी कुठे असतं? ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात जुन्या माणसाला विचारा. तो मोबाइल काढणार नाही, तिथी विचारेल. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पौर्णिमा असो की अमावस्या, पंधरा धरायचे. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ, पण तेव्हा उधाणाचं पाणी चढलेलंच असतं. अष्टमीला भरती सहाच्या सुमाराला. म्हणजे अकरा वाजता ओहोटी लागून बराच वेळ झालेला.

(दृश्य: पडद्यावर एकाच काठाची दोन चित्रं.)

डावीकडचं अमावस्येचं. काठाची हिरवी पट्टी आक्रसलेली. उजवीकडचं त्यानंतरच्या अष्टमीचं. काठालगतची रोपं पाण्याबाहेर, पट्टी पुन्हा रुंद. मधल्या आठवड्यात कुणी एक फांदीही तोडली नव्हती.