अनवाणी पायाचा खटका

खट्ट.

गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलवरचं हे बटण. बूट घालून दाबलं तर काहीच वाटत नाही. पण गणपतीच्या मांडवात स्टेजवर चढताना चपला खालीच राहतात. अंगठा उघडा, खाली स्टीलचं बोंड, आणि गिटार वाजवणाऱ्या ताईंच्या पायाचे सांधे धरलेले. पाहा, टाच उचलून सगळं वजन पुढे टाकलं, तेव्हा कुठे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे खरखरीत आवाजाचा इफेक्ट, लागला.

चार स्क्रू काढले, मागचा पत्रा बाजूला झाला. हा निळा स्विच. नऊ पाय, तीन-तीनच्या तीन ओळी. एक ओळ सिग्नल आत घेते, दुसरी बाहेर सोडते, तिसरी एलईडी लावते. एका दाबात तिन्ही पलटायचे आणि तिथेच अडकून राहायचे, म्हणून स्प्रिंग इतकी कडक. सगळा जोर जातो तो या पलटण्यात. सुराला त्याचा काडीचा उपयोग नाही.

बॉस कंपनीच्या छोट्या पेडलवर १९७७ पासून रुंद, हलका पाट आहे. पलटायचं काम आतलं सर्किट करतं. पुढे ‘ट्रू बायपास’चं, म्हणजे इफेक्ट बंद असताना सिग्नल सर्किटला न शिवता थेट बाहेर सोडण्याचं, वेड आलं आणि हा कडक खटका सगळ्यांच्या पायाखाली आला. खरं तर रिले, म्हणजे विजेने पलटणारा स्विच, लावूनही ट्रू बायपासच मिळतो.

आता नऊ डाग एकेक करून सोडवायचे. घाई केली की सर्किटवरची तांब्याची पट्टी उखडते. त्याच १२ मिलिमीटरच्या भोकात नवा स्विच बसतो. याला दोनच पाय. दाबला की जुळतो, सोडला की सुटतो. चालू की बंद, हे लक्षात ठेवते ही आठ पायांची चिप. संपर्क जुळताना क्षणभर थरथरतो. चिप तेवढे काही मिलिसेकंद थांबते, नाहीतर एका दाबात दोनदा पलटेल. मग ती रिलेला हुकूम देते. रिले ५ व्होल्टचा, पेडल ९ चं, म्हणून मध्ये हा रेग्युलेटर. अडॅप्टर निसटला तर रिले सैल पडतो आणि गिटारचा साधा आवाज चालू राहतो. जुन्या खटक्यावर इफेक्ट चालू असताना असं झालं, तर आवाजच बंद.

रिले वीज खातो, त्यामुळे बॅटरीवर भागत नाही, वॉरंटीही गेली.

मांडव. दुसरं कडवं येतंय. ताईंची टाच पाहा.