सही कोणाची?

[दृश्य : पहाट. मेडिसिनचा वॉर्ड. ट्रॉलीवर रबरी पट्टा, सुया, रंगीत झाकणांच्या नळ्या.]

सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात दिवस उजाडतो तो रक्ताच्या सॅम्पलनं. दंडाला पट्टा, कोपराच्या खळगीत बोटानं चाचपून शोधलेली शीर, स्पिरिटचा बोळा, सुई. जांभळ्या झाकणाची नळी हिमोग्रामची, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची, राखाडी झाकणाची साखरेची. भरली की हलकेच उलटसुलट करायची. जोरात हलवली तर पेशी फुटतात, सॅम्पल वाया जातं आणि पेशंटला पुन्हा टोचावं लागतं.

हे हात इंटर्नचे आहेत. साडेचार वर्षांचं एमबीबीएस झालंय, शेवटची परीक्षा पास झालीय, आता १२ महिन्यांची सक्तीची इंटर्नशिप. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे, पण ती तात्पुरती.

[दृश्य : स्किल लॅब. टेबलावर रबरी हात.]

त्याआधीची पायरी ही. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला. कोणतं काम नुसतं बघायचं, कोणतं देखरेखीखाली करायचं आणि कोणतं स्वतःचं स्वतः करता आलंच पाहिजे, हे आता लिहून ठेवलंय. रबरी हाताची शीर चुकली तर कुणी कळवळत नाही. पुन्हा टोचायचं. जमलं की लॉगबुकात नोंद आणि खाली शिक्षकाची सही.

[दृश्य : वॉर्ड. खाटेवर आजी, शेजारी विद्यार्थिनी.]

"आजी, पोटाला हात लावू का?"

विचारणारी मुलगी तिसऱ्या वर्षाची. ती तपासू शकते, औषध लिहू शकत नाही. आधी तळवे चोळून गरम करते. हात पोटावर, पण नजर आजींच्या चेहऱ्याकडे, कारण दुखलं तर ते तिथं आधी दिसतं. खाटेच्या पायथ्याशी शिकवणाऱ्या मॅडम उभ्या आहेत. "यकृत शोधतेयस ना? मग खालून सुरुवात कर. उजव्या जांघेच्या वरून. आता श्वास घ्यायला सांग." हात इंच इंच वर सरकतो, बरगडीच्या कडेशी थांबतो. मॅडम स्वतःचा हात ठेवून खात्री करतात.

आजी तिला डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कुणी दुरुस्त केलं नाही. ॲप्रन सगळ्यांचे पांढरेच.

[दृश्य : भायखळा. जे. जे. रुग्णालयाचा परिसर.]

ही पद्धत जुनी आहे. १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं ते जे. जे. रुग्णालयाच्या आवारातच. भाऊ दाजी लाड तिथल्या पहिल्या तुकडीतले. विद्यार्थ्यानं खाटेपाशी शिकायचं आणि शिकवणाऱ्यानंही खाटेपाशीच असायचं, असा हा सौदा. त्याचं पहिलं अर्ध अजून नीट चालू आहे.

[दृश्य : रात्र. नर्सिंग स्टेशन. इंटर्न फोनवर.]

आज या युनिटची, म्हणजे डॉक्टरांच्या गटाची, इमर्जन्सी ड्युटी. रजिस्ट्रार, म्हणजे वरिष्ठ निवासी डॉक्टर, कॅज्युअल्टीत; हाऊसमन, म्हणजे कनिष्ठ निवासी डॉक्टर, आयसीयूत. वॉर्डात एक इंटर्न, दोन सिस्टर आणि खाली गाद्या टाकून झोपवलेले जादा पेशंट. नियम सांगतो, इंटर्ननं स्वतंत्रपणे काम करायचं नाही, वरिष्ठांच्या थेट देखरेखीखालीच करायचं. मेडिकल सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला, पोलीस-कोर्टाशी संबंधित मेडिकोलीगल कागद यांवर त्याची सही चालत नाही. सुईबद्दल नियम इतका कडक नाही, आणि रात्री वॉर्डात थेट देखरेख म्हणजे मोबाईल.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम कमी आलंय. फोनवरून ऑर्डर येते, केसीएल दे, म्हणजे पोटॅशियमचं इंजेक्शन. इंटर्न ॲम्प्युल फोडतो, सिरिंजमध्ये ओढतो, पेशंटच्या शिरेत बसवलेल्या नळीकडे, इंट्राकॅथकडे वळतो. सिस्टरचा हात त्याच्या मनगटावर.

"डॉक्टर, हे सरळ शिरेत नाही द्यायचं. सलाईनच्या बाटलीत घाला. हळू जाऊ दे."

सरळ दिलं असतं तर हृदय थांबू शकलं असतं.

सिस्टर बाटलीवर पट्टी चिकटवतात. औषध, मात्रा, वेळ. थेंब स्वतः मोजून लावतात. कुठल्याही लॉगबुकात त्यांच्या सहीला जागा नाही, पण या वॉर्डाची रात्रीची देखरेख म्हणजे त्याच.

[दृश्य : सकाळ. केस पेपरांची चळत. पेन.]

राऊंडच्या आधी रजिस्ट्रार येतात आणि रात्रीच्या नोंदींखाली सह्या करत सुटतात. वाचत नाहीत असं नाही, पानं उलटता उलटता वाचतात. कालच्या सकाळपासून ते उभे आहेत. एरवी सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्युटी नको, हे केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेतच म्हटलंय. चूक झालीच, तर रुग्णालयापासून युनिटप्रमुखांपर्यंत जबाबदारी जाऊ शकते. ते पुढे कोर्टात ठरतं.

[दृश्य : दुसऱ्या युनिटचा वॉर्ड. भिंतीवरचं घड्याळ, अकरा वाजलेले.]

शेजारच्या युनिटमध्ये रात्री अकराला लेक्चरर स्वतः फेरी मारतात. इंटर्नला घेऊन, खाटेखाटेपाशी. जोखमीचं औषध दोघांनी मिळून वाचल्याशिवाय द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलंय. यासाठी नवं पद मागितलं नाही, निधी मागितला नाही. बाकीच्या युनिटांत अजून फोनच.