त्रिरश्मीवरचा जावई

(दृश्य : पांडवलेणीच्या पायऱ्या, वर चढणारी माणसं)

'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात.' नाशकात हे घाटावरही ऐकू येतं आणि रिक्षातही. युरोपात आगोस्तीनो स्टेउको या विद्वानाने १५४० साली अशाच विचाराला 'शाश्वत तत्त्वज्ञान' म्हटलं. बोलायला सोपं. पण नाशकात ते तपासून बघता येतं.

पांडवलेणीशी पांडवांचा संबंध नावापुरताच. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, आणि लेणी बौद्ध. दहाव्या लेण्याच्या ओसरीत क्षत्रप (शक राजा) नहपानाचा जावई, उषवदात, याने आपल्या दानांची यादीच कोरून ठेवली आहे. तीन लाख गायी दिल्या. देवा-ब्राह्मणांना १६ गावं. वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवण. (आकडे जरा फुगलेले असणारच, सासरा राजा होता!) तापी, दमण या नद्यांवर फुकट नावा. आणि त्याच दमात : हे लेणं नि पाण्याची टाकी आपण त्रिरश्मीवर करवली.

(दृश्य : ब्राह्मी अक्षरं, जवळून)

दुसऱ्या लेखात तर चोख हिशेब आहे. विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव, दरमहा शेकडा एक व्याज. म्हणजे वर्षाला २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, २० भिक्षूंना चिवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२. दोन्ही धर्म एकच, असं उषवदात कुठेही म्हणत नाही. ब्राह्मणांना ब्राह्मणांचं दिलं, भिक्षूंना भिक्षूंचं. मला हा माणूस घाटावरच्या त्या वाक्यापेक्षा जास्त पटतो.

कारण त्या वाक्याखाली बरंच झाकलं जातं. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला नाहतात, वैष्णव रामकुंडावर. गोदावरी एकच, पण आधी कोण नाहणार, यावरून पूर्वी रक्त सांडलं आहे.

(दृश्य : पंचवटी, काळाराम मंदिराचा दरवाजा)

आणि हा दरवाजा. सर्वांभूती एकच ईश्वर, असं सांगणारी परंपरा. तरी २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रही आले, तेव्हा तो बंद होता. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला. मंदिर उघडलं नाही.

१३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. बौद्ध धम्माची दीक्षा त्यांनी घेतली ती १९५६ साली, नागपुरात. मधली २१ वर्षं ते धर्म तोलून बघत होते. शीख धर्माचाही त्यांनी गांभीर्याने विचार केला होता.